किल्लेदाराचा पोपट

"हे कोणाचं?"

विष्णुपंतांनी स्टीलची बादली दोन्ही हातांनी उचलली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि काठावरचं नाव मोठ्यांदा वाचलं, "सौ. ज्योती काळे, गुढीपाडवा."

"आमचं!" मागून आवाज आला आणि बादली आपल्या घरी गेली.

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या मराठी सहविचार मंडळात दिवाळी फराळाच्या दुसऱ्या दिवशी हा कार्यक्रम ठरलेला असे. फराळाला प्रत्येक घरून भांडी येत. घासून झाली की सचिव विष्णुपंत एकेक भांडं उचलून नाव वाचत, 'हे कोणाचं?' विचारत आणि 'आमचं' असं उत्तर आल्याशिवाय भांडं हातातून सोडत नसत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी नियमच रंगवून घेतला होता : 'नाव असलेले भांडे ज्याचे त्यास परत जाईल. मग ती वाटी असो वा घंगाळ.' त्या नियमापुढे आजवर अध्यक्षांचीही डाळ शिजली नव्हती.

कोपऱ्यात तीन मुलं भांडी पुसत बसली होती. म्हणजे दोघं पुसत होती. तेरा वर्षांचा तनय आणि त्याची दहा वर्षांची बहीण स्वानंदी. तिसरी ऋचा. ती पुण्याहून सुट्टीला आली होती आणि हातातलं फडकं विसरून दारातून दिसणाऱ्या सभागृहाकडे बघत होती.

"काय पाहून राहिली इतकी?" तनयने विचारलं.

"ती ढाल."

रंगमंचाच्या वर, काचेच्या पेटीत, एक काळपट पितळी ढाल होती. मध्ये चार फुलं, आणि कडेने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. ऋचाने ती कालच पहिल्यांदा पाहिली होती, पण तिच्याबद्दल ऐकलं मात्र शंभरदा होतं. ऋचाची आई, दीपा, याच गावात अकरा वर्षांची होईपर्यंत वाढली. पुढे आजोबांची नागपूरला बदली झाली. आई गमतीत आली की म्हणायची, "माझी एक ढाल जबलपूरला राहिलीय हं! चार फुलांची. एकदा जाऊन आणायची आहे."

ते जाणं कधी झालंच नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. नागपूरच्या कॉलेजातली तिची मैत्रीण हेमलता लग्न होऊन जबलपूरला आली होती, तिने या दिवाळीत ऋचाला बोलावून घेतलं. तनय-स्वानंदीची ती आई. ऋचा आली ती तेवढ्या एका वस्तूसाठी आली. आईने ज्याला हात लावला होता, त्याला एकदा हात लावायचा होता, बस.

"काका," ऋचा धीर करून विष्णुपंतांजवळ गेली. "ती ढाल माझ्या आईची आहे. मला एकदा हातात घ्यायला मिळेल?"

विष्णुपंत हसले. माणूस वाईट नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी सरकारी बदलीवर इथे आला आणि निवृत्त होऊनही इथेच राहिला. दहा वर्षांपूर्वी मंडळाचा माळा साफ करताना त्यांनाच ही ढाल सापडली होती.

"बाळ, ती नारोजी किल्लेदाराची ढाल आहे. शके सोळाशे ब्याऐंशी. अडीचशे वर्षांहून जुनी. कोणे एके काळी मंडळाच्या नाटकात कुणी बेफिकिरीने ती वापरली असेल, तुझ्या आईने हातात धरली असेल. पण नाटकात मुकुट घातला म्हणून कुणी राजा होत नाही."

"आई म्हणायची, माझी ढाल."

"लहानपणी सगळंच आपलं वाटतं," विष्णुपंत म्हणाले. मग त्यांचा स्वर मऊ झाला. "रविवारी इंदूरचे पियूषजी येत आहेत. त्यांच्या संग्रहालयात ही ढाल मानाने लागणार. खाली लिहिलेलं असेल, जबलपूरच्या मराठी माणसांची. इथली घरं एकेक करून पुण्याला चालली. उद्या मंडळाला कुलूप लागलं तरी ती पाटी राहील. हे घे, मी लिहिलेली पुस्तिका. वाच."

ऋचाने पुस्तिका घेतली. हात मात्र रिकामाच राहिला. रविवारी ढाल इंदूरला आणि सोमवारी आपण पुण्याला. आज गुरुवार होता.

घरी आल्यावर तिने आपलं फुलपात्र काढलं. पाणी प्यायला ती दुसरं काही वापरत नसे, प्रवासातसुद्धा. पितळेचं, आतून कल्हई केलेलं, बाहेर ठिपक्यांनी 'चि. दीपा' असं नाव घातलेलं. दोन घोट पिऊन तिने पुस्तिका उघडली. तिसऱ्या पानावर विष्णुपंतांनी ढालीवरचं एक चित्र चांगलं तळहाताएवढं मोठं करून छापलं होतं. खाली मजकूर होता : 'लेखाच्या शेवटी आढळणारे हे शुकचिन्ह, म्हणजेच पोपट, किल्लेदार घराण्याची राजमुद्रा असावी. असे चिन्ह अन्यत्र कोठेही आढळत नाही.'

ऋचाच्या घशात पाणी अडकलं.

"तनय," ती खोकत म्हणाली, "हा पोपट अन्यत्र आढळतो."

तिने फुलपात्र फिरवलं. 'चि. दीपा' या अक्षरांच्या शेवटी एक पोपट होता. ठिपक्यांचा, मान वाकडी करून चोच खाली घातलेला, शेपटीला तीन पिसं. पुस्तिकेतल्या पोपटालाही तीनच पिसं होती आणि चोचही खालीच होती.

स्वानंदीने दोन्हीकडे नाक लावून पाहिलं. "किल्लेदार काहून भांड्यांवर नावं टाकत होता?"

"किल्लेदार नाही टाकत," तनय उठला. "भांड्याच्या दुकानात टाकून देतात. चलो, बाजार सात वाजेपर्यंत फुल चालू असतो."

गोरखपूरच्या बाजारात भांड्यांची पाच दुकानं होती. चार ठिकाणी मानेने नकार मिळाला. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठजींनी फुलपात्र हातात घेतलं आणि ते एकदम खुलले.

"अरे, ये तो तुलसीराम का तोता है! मेरी ही दुकान के पटिये पर बैठता था। छेनी-हथौड़ी से नाम डालता था, मशीन को हाथ नहीं लगाया कभी। और हर नाम के आगे अपना तोता।"

"आता कुठे असतात ते?" ऋचाने विचारलं आणि लगेच सुधारलं, "अभी कहाँ हैं?"

"हाथ काँपने लगे तो बेटे के पास सिहोरा चला गया। बस अड्डे के पीछे साइकिल की दुकान है बेटे की।"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हेमलता मावशीचं ऑफिस सिहोऱ्यालाच होतं. रोज बसने जाऊन-येऊन करायची ती.

"तुम्हाले सिहोऱ्यात काय पाहायचं आहे?" रात्री जेवताना मावशीने तिघांकडे संशयाने पाहिलं. "तिथे गव्हाच्या पोत्यांशिवाय काही नाही."

"गव्हाची पोती," स्वानंदी म्हणाली. "आम्हाला प्रोजेक्ट आहे."

मावशी दिवसभराच्या कामाने दमली होती, म्हणून चालून गेलं.

शुक्रवारी दुपारी सायकलच्या दुकानामागे, उन्हात टाकलेल्या खाटेवर, तुळशीराम भेटले. चष्मा दोरीने बांधलेला, डोळे अधू, हात सारखे थरथरत. ऋचाने फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलंच नाही. अंगठा ठिपक्यांवरून फिरवत गेले आणि पोपटापाशी थांबले.

"मेरा है," ते म्हणाले. "चोंच नीचे। लोग पूछते थे, नीचे क्यों? मैं कहता, बर्तन में दाना ढूँढ रहा है। किसका नाम है?"

"दीपा. माझी आई... मेरी माँ।"

"आपने कभी ढाल पर नाम डाला था?" तनयला राहवलं नाही.

तुळशीराम हसायला लागले, इतके की खाट करकरली. "ढाल! अरे बेटा, वो परात थी, परात! फैक्टरी वाले साहब थे एक मराठी। गणेशजी के नाटक में बिटिया को सेनापति बनना था। साहब ने घर की पीतल की परात उलटी, ठोक-पीटकर किनारा मोड़ा और मेरे पास ले आए। वो चार फूल देखे? अलमारी के हैंडल हैं।"

तनय आणि स्वानंदी हसून हसून खाटेचा आधार शोधू लागले. ऋचा हसली नाही. तिला ती मुलगी बघायची होती.

"ती मुलगी... वो लड़की आई थी?"

"आई थी। मेरे पास पटिये पर ही बैठी रही पूरे टाइम। जब सामने नाटक वाले किल्लेदार का नाम और साल डला तो रोने लगी कि मेरी ढाल पर मेरा नाम क्यों नहीं। तब साहब ने कहा, पीछे डाल दो तुलसीराम, गद्दी के नीचे। सामने वाला लोग पढ़ेंगे, पीछे वाला तेरे हाथ से लगा रहेगा।"

"आणखी सांगा ना," ऋचा म्हणाली. हिंदी करायचं भान तिला राहिलं नाही. "तिने फ्रॉक कुठला घातला होता? दोन वेण्या होत्या का? मग रडायची थांबली का ती?"

म्हाताऱ्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "इतना याद नहीं, बिटिया। रोना बंद किया था, ये याद है। और बाएँ हाथ से मेरी हथौड़ी उठाई थी।"

आई डावरी होती. ऋचाने तुळशीरामांकडून फुलपात्र परत घेतलं आणि ते दोन्ही हातांत धरून बसून राहिली. आईचं असं काहीतरी कळलं, जे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं म्हणून बरं वाटत होतं आणि एवढंच कळलं म्हणून फार वाईट वाटत होतं. बसमध्ये खिडकीशी बसून ती सगळा रस्ता अंगठ्याने ठिपके चाचपत राहिली. स्वानंदीनेही, तिच्या स्वभावाविरुद्ध, तिला बोलायला लावलं नाही.

संध्याकाळी तिघं थेट विष्णुपंतांच्या घरी धडकली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. परातीचं नाव निघाल्यावर मात्र त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर मी दहा वर्षांचा अभ्यास बुडवू?"

"फक्त मागची गादी उसवून बघा, काका. खाली आईचं नाव आहे."

"अडीचशे वर्षांच्या मखमलीला कात्री लावू? आणि नाव नसलं तर? रविवारी पियूषजींना काय फाटकी ढाल देऊ?" त्यांनी दार लोटत आणलं. मग फटीतून हळू आवाजात म्हणाले, "बाळ, आईची आठवण येते हे मला समजतं. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

ते दार लागल्यावर ऋचा पायरीवरच बसली. तिला पहिल्यांदाच भीती वाटली. खरंच नाव नसलं तर? तुळशीरामांनी हजारो भांड्यांवर नावं घातली. एखाद्या दुसऱ्याच मुलीची गोष्ट ते सांगत असले तर? मग आई नुसतीच गंमत करत होती असं होईल, आणि आता तिला विचारताही येणार नव्हतं.

"ऊठ," तनय म्हणाला. "तुझी आई खरं सांगत होती. आपण सांगून नाही पटत, तर दाखवून देऊ. स्वानंदी, मंडळाची चावी रविवारी कोणाकडे असते?"

"आईकडे. रविवारचा चहा तिच्याकडे आहे."

"अच्छा. मग चहा आपण ठेवू."

रविवारी सकाळी दहाला सभागृह भरलं. मदन महलपासून, पार रेल्वे क्वार्टर्सपासून माणसं आली होती. आली म्हणजे पन्नासेक. विष्णुपंतांनी ती दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा खुर्च्या उरल्या. टेबलावर शाल, श्रीफळ आणि पेटीबाहेर काढलेली ढाल. शेजारी इंदूरचे पियूषजी, गोरेगोमटे, हसरे. विष्णुपंतांचं भाषण रंगात आलं होतं.

"...आणि हे शुकचिन्ह! जगात अन्यत्र कोठेही नाही!"

त्याच वेळी स्वानंदी चहाचे कप घेऊन आली. ट्रेमध्ये नव्हे, तर मंडळाच्या भल्यामोठ्या परातीत. तिने परात पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवली, कप एकेक करून उचलले आणि रिकामी परात उभी केली. काठावर लिहिलं होतं, 'सहविचार मंडळ, १९८८'. आणि पुढे, चोच खाली घातलेला, तीन पिसांचा पोपट.

पहिल्या रांगेत खसखस पिकली.

"काका, स्वयंपाकघरात असे अजून अकरा आहेत," स्वानंदी म्हणाली. "पातेल्यांवर, झाऱ्यावर, सगळ्यांवर. तुम्ही दर वर्षी नाव वाचता, पोपट पाहत नाही."

पियूषजींनी परात ओढली, ढाल तिच्याशेजारी ठेवली आणि एका पोपटाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले.

तनयने संधी सोडली नाही. "अंकलजी, बर्तन लेते समय पलटकर देखते हैं ना?"

"हमारी दादी तो बजाकर भी देखती थीं," पियूषजी म्हणाले. त्यांनी ढालीवर टिचकी मारली, मग परातीवर. दोन्हीकडून एकच आवाज आला. त्यांनी ढाल उलटी केली. "विष्णुजी, ये गद्दी खोलनी पड़ेगी। बिना देखे तो मैं नहीं ले जाऊँगा।"

हेमलता मावशीला आता गव्हाच्या पोत्यांचं रहस्य उलगडत होतं. तिने तनयकडे एकदा डोळे वटारले आणि पर्समधली छोटी कात्री काढून विष्णुपंतांच्या हातात दिली.

विष्णुपंतांनी टाके उसवायला घेतले. एक टाका, दुसरा, तिसरा. ऋचाने फुलपात्र छातीशी धरलं होतं. मखमलीखालून जुना कापूस निघाला, मग वर्तमानपत्राचा पिवळा कागद. तो हिंदी होता आणि त्यावर साबणाची जाहिरात होती. नारोजी किल्लेदाराच्या काळात साबणाची जाहिरात नव्हती, एवढं सगळ्यांनाच कळलं. त्याखालचं पितळ इतकी वर्षं झाकलेलं, म्हणून अजून पिवळंधमक होतं.

विष्णुपंतांनी पितळावरच्या ठिपक्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी ढाल टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. एकदम थकलेले दिसले ते.

"पियूषजी, माफ करा," ते म्हणाले. "देण्यासारखं काही नाही आमच्याकडे." मग मुलांकडे वळले. "दहा वर्षं मी हिला पुढून वाचलं. मागून बघायचं मला सुचलं नाही, ते या पोरांना सुचलं. शाबास म्हणायला हवं, आणि म्हणतो. पण मला वाटलं होतं, आपण इथे होतो हे कुठेतरी लिहिलेलं राहील."

ऋचा पुढे आली. तिला त्यांचा राग येत नव्हता. त्यांनाही कुणीतरी इथे हवं होतं, जे आता नव्हतं, एवढंच तिला समजलं.

"काका, लिहिलेलं आहे की," ती म्हणाली. "तुम्ही अजून वाचलं नाही."

विष्णुपंतांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले. कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर आणला, ढाल दोन्ही हातांनी उचलली आणि दर वर्षी वाचत तसं, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं वाचलं :

"चि. दीपा हिस, बाबांकडून. गणेशोत्सव, १९९५."

शेवटी पोपट होताच. त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. आवाज थोडा चिरकला, पण प्रश्न त्यांनी पूर्ण विचारला.

"हे कोणाचं?"

ऋचाला पटकन बोलता आलं नाही. सगळे थांबले. विष्णुपंतही थांबले, कारण उत्तर आल्याशिवाय भांडं सोडायचं नाही हा त्यांचाच नियम होता.

"आमचं," ऋचा म्हणाली.

त्यांनी ढाल तिच्या हातात दिली. तिने उजवा हात कडीत घातला. डाव्या हातात तलवार धरायची असेल तर ढाल उजव्या हातात लागते. उसवलेल्या मखमलीतून आईच्या नावाचे ठिपके तिच्या मनगटाला लागत होते. परात चांगलीच जड होती. हेमलता मावशी ती धरू लागली, पण ऋचाने ती पार घरापर्यंत स्वतःच नेली.